पडद्यामागचा माहूत

शिवाजी पेठेंत, निवृत्ति चौकांतील अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून हांकेच्या अंतरावर, आमच्या स्नेह्यांचें घर आहे. तीन भावांचा एकत्र संसार, वरच्या मजल्यावर शिकणारीं मुलें, आणि या सर्वांवर नजर ठेवणाऱ्या ऐंशी वर्षांच्या काकू. काकू शाळेंतून निवृत्त झाल्यावर २००६ सालीं घरांत एक संगणक आला. आणला मुलांसाठीं, पण मुलांचें लक्ष लौकरच दुसऱ्या यंत्रांकडे गेलें आणि तो माजघराशेजारच्या खोलींत काकूंच्या वांट्यास आला. त्यावर त्या रोज दुपारच्या चहानंतर तासभर लिहितात. सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या ओंव्या, श्रावणांतील कहाण्या सांगण्याची त्या घरची रीत, कोणत्या सुनेचें माहेर कोठलें, ३० जानेवारी १९४८ नंतर गांवांत जाळपोळ झाली त्या दिवसांत घरचीं भांडीं कोणाच्या परसांत पुरून ठेवलीं, १ मार्च १९४९ रोजीं संस्थान विलीन झालें तेव्हां आजोबा घरीं येऊन काय म्हणाले, असें सर्व मिळून ३४० पानें झालीं आहेत.

गेल्या मे महिन्यांत वळवाच्या पहिल्या सरीच्या दिवशीं वीज दोनदां गेली व आली. संगणकाचा जुना पोटदार मॉनिटर ‘टक्’ करून मिटला, तो मिटलाच. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें कोठून तरी एक रुंद, चपटा मॉनिटर आणला, निळ्या खुंटीची तार जोडली आणि बटण दाबलें. विंडोज एक्सपीचें चिन्ह दिसलें, त्याखालची पट्टी डुलूं लागली, सर्वांना हायसें वाटलें. आणि लागलीच पडदा काळा होऊन त्यावर एक लहानशी चौकट तरंगूं लागली. ‘मर्यादेबाहेर’ अशा अर्थाचे दोन-तीन इंग्रजी शब्द तीत होते.

एकत्र कुटुंबांत वैद्य पुष्कळ असतात. थोरल्या भावांच्या मतें विजेचा दाब कमी पडला. मधल्यांनीं नवा संगणक घेण्याचा ठराव मांडला. पुतण्यानें मात्र हात घातला आणि दोन दिवसांत यंत्राची अवस्था अशी केली कीं, चिन्हसुद्धां दिसल्यासारखें करून पडदा निळा होई व त्यावर पांढरीं इंग्रजी अक्षरें येत. मग दुकानांतून एक मुलगा आला. त्यानें पांच मिनिटें पाहून निदान सांगितलें, “काकू, सगळं उडवून नवीन मारायला लागतंय.” काकूंनीं विचारलें, “माझं लिहिलेलं?” तो म्हणाला, “ते बघायला लागंल.” हें ऐकून काकूंनीं त्याला सरबत दिलें, यंत्राला हात लावूं दिला नाहीं, आणि आम्हांस निरोप पाठविला.

आम्हांस या विद्येचें थोडें वेड आहे, म्हणून आम्ही गेलों. तेथें काय आढळलें तें सविस्तर लिहावें असें वाटण्याचें कारण, अशीं यंत्रें पुष्कळ घरांच्या कोंपऱ्यांत कापडाखालीं झांकून ठेवलेलीं आहेत आणि त्यांच्या पोटांत काय आहे याची वाच्यता घरांत क्वचितच होते.

प्रथम ‘ड्रायव्हर’ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. या शब्दाचें ‘चालक’ असें भाषांतर करतात. पण कोल्हापूरकरांना अधिक चांगला शब्द ठाऊक आहे. ज्या गांवांत साठमारीचें मैदान अद्याप दाखवितात, त्या गांवांतील माणसाला माहूत म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. हत्ती कितीहि बलवान असला तरी तो ऐकतो माहुताच्या बोलीला. राजाची आज्ञा हत्तीला कळत नाहीं. ती माहुताला कळते, आणि माहूत ती अंकुशानें व टांचेनें हत्तीला सांगतो. संगणकांत राजाच्या जागीं विंडोज आहे, हत्तीच्या जागीं चित्र काढणारें ग्राफिक्स कार्ड आहे, आणि ड्रायव्हर हा त्या दोहोंमधला माहूत. एका हत्तीचा माहूत दुसऱ्या हत्तीवर बसविला तर काय होतें तें पुतण्यानें पाहिलें होतें: निळा पडदा.

आतां माहूत नसला तरी हत्ती अगदींच निरुपयोगी होत नाहीं. आय. बी. एम. कंपनीनें १९८७ सालीं ‘व्हीजीए’ नांवाची चित्रपद्धति काढली. आडवे ६४० व उभे ४८० ठिपके आणि सोळा रंग, एवढी ती भाषा पुढच्या जवळजवळ सर्व कार्डांना जन्मतःच येऊं लागली. हें चित्र दीडशें किलोबाइटांत मावतें. उलट १०२४ गुणिलें ७६८ ठिपक्यांचें पूर्ण रंगांतील चित्र तीन मेगाबाइटांचें होतें, आणि तें सेकंदाला साठांहून अधिक वेळां पडद्यावर रंगवावें लागतें. एवढें मोठें काम माहुताशिवाय होत नाहीं. म्हणून संगणक सुरू होतांना जें चिन्ह दिसतें तें त्या जुन्या सर्वमान्य भाषेंत काढलेलें असतें, आणि चिन्ह मावळल्यावर माहूत मानेवर चढतो.

एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे पहिल्या दिवशींचा दोष बसल्या जागीं ओळखतां येतो. चिन्ह स्वच्छ दिसलें, अर्थात् कार्ड धड, तार धड, नवा मॉनिटरहि धड. अंधार झाला तो माहूत चढल्यानंतर. म्हणजे माहूत कांहीं तरी असें करीत होता, जें या पडद्याला सोसत नव्हतें. आम्हीं काकूंना विचारलें, “जुना पडदा पूर्वीं डोळ्यांना त्रास देई काय?” त्या म्हणाल्या, “फार. सारखा थरथरे. मग मधल्यानं काही तरी केलं आणि थांबला.”

तें ‘काहीं तरी’च याच्या मुळाशीं होतें. जुन्या नळीच्या मॉनिटरवर चित्र सेकंदाला साठ वेळां रंगविलें तर पुष्कळांच्या डोळ्यांना तें थरथरतांना दिसे. म्हणून जाणते लोक तो वेग पंचाऐंशीवर नेत. मधल्या भावांनीं आईच्या डोळ्यांसाठीं तेंच केलें होतें, व तसें करतांना ‘या मॉनिटरला न पेलणारे वेग दाखवूं नयेत’ या सूचनेपुढील खूणहि काढून टाकली होती. चपट्या मॉनिटरला थरथर माहीत नाहीं. त्याला साठ पुरतात, आणि या मॉनिटरला पंचाऐंशी पेलत नव्हते. इतक्या वर्षांमागें आईच्या सोयीसाठीं दिलेला हुकूम माहूत इमानानें पाळीत होता.

असा प्रसंग आला तर करावें तें एवढेंच: यंत्र सुरू होतांच, चिन्ह दिसण्यापूर्वीं, ‘एफ ८’ ही कळ दाबीत राहावी. जी यादी येते तींत ‘एनेबल व्हीजीए मोड’ असें एक कलम एक्सपीमध्यें असतें. तें निवडलें कीं माहूत तोच राहतो, पण चाल सर्वांत साधी धरतो. मग पडद्याच्या मांडणींत जाऊन वेग साठावर आणावा व यंत्र पुन्हां सुरू करावें. पांच मिनिटांचें काम. पुतण्या या कलमापर्यंत पोंचला होता हें त्याच्या हुशारीचें द्योतक; पण तेथें वेग बदलण्याऐवजीं त्यानें माहुतालाच हांकलून दिलें, आणि ‘सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देतों’ अशी जाहिरात करणाऱ्या एका आज्ञावलीनें आणलेला परका माहूत बसविला. या आपोआपवाल्यांविषयीं आमचें मत चांगलें नाहीं. यंत्रांत एकवीस दोष आहेत असें ते आधीं सांगतात, आणि मग पैसे मागतात.

आम्हीं प्रथम यंत्र सुरक्षित अवस्थेंत, म्हणजे त्याच ‘एफ ८’च्या यादींतील ‘सेफ मोड’मध्यें, उघडलें. तेथें कोणताहि विशेष माहूत बसत नाहीं. दुरुस्तीचा विचार बाजूस ठेवून काकूंचीं सर्व पानें एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलीं, आणि लागलीच दुसऱ्यावर. हें झाल्यावर काकूंनीं प्रथमच खुर्ची ओढून घेतली.

पण पुतण्याच्या लॅपटॉपवर तीं पानें उघडलीं आणि पुन्हां सर्वांचे चेहरे उतरले. मराठीचें नांव नाहीं! टोप्या घातलेले रोमन स्वर, अर्धवट चिन्हें, मधूनच प्रश्नचिन्ह. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं चष्मा काढून पदरानें पुसला.

येथें थोडें मागें गेलें पाहिजे. आरंभींच्या संगणकांच्या पडद्याला देवनागरी येतच नव्हती. कार्डाच्या पोटांत रोमन अक्षरांचे ठसे कायमचे कोरलेले असत, आणि त्यांत क्ष, ज्ञ किंवा ‘र्‍या’ यांना जागा नव्हती. त्यावर आपल्याकडे निघालेला उपाय मोठा मार्मिक होता. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें सुरू झालेलें काम १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें व ‘जिस्ट’ नांवाचें कार्ड तयार केलें. तें संगणकांत बसविलें म्हणजे इंग्रजीसाठींच बांधलेल्या आज्ञावल्यांमध्येंहि पडद्यावर भारतीय लिप्या उमटूं लागत. मराठी अक्षराला पडद्यावर येण्यासाठीं एके काळीं स्वतंत्र कार्ड लागलें, ही गोष्ट आजच्या मुलांना खरी वाटत नाहीं. पुढें टंक आले. त्यांची युक्ति अशी कीं, संगणकाला वाटावें आपण रोमन अक्षर लिहितों आहों, आणि पडद्यावर मात्र त्या जागीं ‘क’चा तुकडा दिसावा. असा टंक ज्या यंत्रावर नाहीं तेथें मराठीचें सोंग उतरतें व आंतलें रोमन उघडें पडतें. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते; परंतु छापखान्यांतून आणि घरांतून जुने टंक त्यानंतर पुष्कळ वर्षें चालले. काकूंचीं पानें त्या जुन्या पद्धतीचीं. शिवाय त्यांच्या आज्ञावलीला एक कुलूप आहे: यंत्राच्या पाठीमागें, प्रिंटरच्या जुन्या रुंद खांचेंत बसविलेली आगपेटीएवढी डबी. ती नसेल तर आज्ञावली उघडत नाहीं, आणि नव्या लॅपटॉपला तसली खांचच नसते. म्हणून तें यंत्र, तो पडदा आणि तो माहूत पुन्हां एकत्र आणण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

परका माहूत काढून टाकला. यंत्र उघडलें तें सोळा रंगांत, अक्षरें लाडवाएवढीं आणि खिडक्या पडद्याबाहेर गेलेल्या. खालचीं बटणें दिसेनात. (अशा वेळीं ‘आल्ट’ व लांब कळ एकदम दाबून मग ‘एम’ दाबावा, आणि बाणांच्या कळांनीं खिडकी वर सरकवावी.) आतां प्रश्न हा कीं, हा हत्ती कोणत्या जातीचा? पेटीवरचें नांव पुसलेलें, पावती मिळेना. पण प्रत्येक कार्ड विचारल्यास आपलें कूळ सांगतें. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्यें ज्या ओळीवर पिवळें प्रश्नचिन्ह असतें तिचा तपशील उघडला कीं एक लांब सांकेतिक ओळ दिसते. तींत ‘व्हेन’ या अक्षरांपुढें कुळाचा व ‘डेव्ह’पुढें व्यक्तीचा क्रमांक असतो. १००२ हें एटीआयचें, १०डीई हें एनव्हिडियाचें, ८०८६ हें इंटेलचें. हा शेवटचा आंकडा त्या कंपनीनें १९७८ सालीं काढलेल्या प्रसिद्ध चिपचाच आहे. कुळाचा अभिमान यंत्रांतहि असतो. हे दोन क्रमांक कागदावर लिहून घेतले कीं निम्मा शोध संपला.

उरलेला निम्मा मात्र कठीण, कारण कुळें टिकत नाहींत. थ्रीडीएफएक्सचा कारभार २००० च्या अखेरीस एनव्हिडियानें घेतला. एटीआय २००६ मध्यें एएमडीच्या घरांत गेली. जे तग धरून आहेत त्यांनींहि जुन्या कार्डांसाठीं नवे माहूत शिकविणें केव्हांच थांबविलें. शिवाय राजा बदलला कीं माहुताची बोलीहि बदलते. एक्सपीचा ड्रायव्हर पुढच्या व्हिस्टाला किंवा विंडोज सातला सहसा चालत नाहीं, कारण तेथें चित्राची सर्व व्यवस्थाच नव्यानें बांधली गेली. ज्यांना नवा राजा चालणार असेल त्यांना लिनक्सचा मार्ग आहे. त्याच्या गाभ्यांतच पुष्कळ जुन्या कार्डांचे ड्रायव्हर असतात, आणि त्यांतले कांहीं, उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या कार्डांसाठींचा ‘नूव्हो’, मुख्यतः बाहेरच्या लोकांनीं कार्डाचें वागणें न्याहाळून स्वतः लिहिले आहेत. गांवांत खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचें स्मारक आहे, तें ज्या बाबुराव पेंटरांचें, त्यांनीं परदेशी यंत्र न्याहाळून स्वतःचा कॅमेरा घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, ती हीच जात. पण काकूंची आज्ञावली विंडोजची. तिला लिनक्सचा उपयोग नव्हता.

आम्ही ही खटपट करीत असतां काकूंनीं विचारलें, “ती चकती पाहिजे का? यंत्राबरोबर आलेली?” आम्ही थक्क झालों. देवघराशेजारच्या फडताळांत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यांत जुनीं पंचांगें, लग्नपत्रिका, घड्याळाचें हमीपत्र, आणि कागदी पाकिटांत दोन सीड्या: एक मदरबोर्डाची, एक कार्डाची. थोरले भाऊ म्हणाले, “आई काही टाकत नाही, म्हणून आम्ही हसत होतो.” चकत्या मिळाल्या तर चकत्यांचें कपाट उघडेना. त्याच्या तोंडाशीं टांचणी जाईल एवढें छिद्र असतें; सरळ केलेली कागदाची क्लिप त्यांत हलकेंच दाबली कीं तें बाहेर येतें. आलें, पण चकती वाचीना. तेव्हां ती शेजारच्या घरच्या यंत्रांत वाचून पेन ड्राइव्हवर आणली. या कामांत संध्याकाळ झाली.

पुढची कृति क्रमानें करावयाची असते. आधीं मदरबोर्डाचा ड्रायव्हर, मग कार्डाचा. कारण त्या काळीं कार्ड बहुधा ‘एजीपी’ नांवाच्या खांचेंत बसे, आणि त्या खांचेची स्वतःची व्यवस्था नीट नसेल तर खरा माहूतहि अडखळतो. यंत्राची वीज पूर्ण काढून आम्हीं पेटी उघडली, धूळ झाडली, कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा साध्या खोडरबरानें पुसल्या. रंकाळ्याच्या बाजूची हवा पावसाळ्यांत दमट असते आणि धातूवर पातळ मळ चढतो. हा उपाय फुकटचा आहे व पुष्कळदां लागू पडतो. जुना मॉनिटर मात्र कोणीहि घरीं उघडूं नये. बंद केल्यावरहि त्याच्या नळीजवळ जीवघेणा विद्युद्भार राहूं शकतो, आणि कांचेंत शिसें असल्यानें तो साध्या कचऱ्यांतहि टाकावयाचा नसतो.

रात्रीं आठच्या सुमारास यंत्र पुन्हां सुरू केलें. चिन्ह आलें, पट्टी डुलली, आणि अंधाराचा तो क्षण आला. माजघरांत सात-आठ माणसें जमलीं होतीं, एकहि बोलेना. पडदा उजळला तो पूर्ण रंगांत. वेग साठ आहे याची आम्हीं खात्री केली व काढून टाकलेली खूण पुन्हां केली. नव्या पडद्याची पूर्ण रुंदी, १९२० गुणिलें १०८० ठिपके, हा जुना माहूत जाणत नव्हता; १०२४ गुणिलें ७६८ चें चित्र त्या रुंदीवर ताणलें गेल्यानें काकूंच्या अक्षरांना लठ्ठपणा आला. तेव्हां मॉनिटरच्याच बटणांनीं चारास तीन हें प्रमाण निवडलें. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या. मधल्यांना त्या खटकल्या. काकू म्हणाल्या, “राहू देत, वहीला समास असतो तसा.”

मग त्यांनीं आपली आज्ञावली उघडली. कुलपानें ओळख दिली. शेवटचें पान आलें. वाक्य अर्धवट होतें, वीज गेली तेथेंच तुटलेलें. काकूंनीं तें मोठ्यानें वाचलें आणि पुरें केलें.

आतां थोडें कठोर बोलतों. ज्या जुन्या संगणकांत असें कांहीं नाहीं, केवळ पाहण्या-ऐकण्यासाठीं जो ठेवला आहे, त्याच्या ड्रायव्हरापायीं दोन दिवस घालवूं नयेत. एक्सपीची सुरक्षाविषयक दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली, विंडोज सातची १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज दहाचा नेहमींचा आधारहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. काकूंच्या यंत्राची इंटरनेटची तार आम्हीं त्याच रात्रीं काढून घेतली. त्यांना तिचा उपयोगहि नव्हता. आणि दुकानांतील त्या मुलाचा आम्हांस राग नाहीं. दिवसाला दहा यंत्रें पाहणाऱ्याला पुसून नवें घालणें हेंच सर्वांत स्वस्त औषध असतें. पण तें घेण्यापूर्वीं यंत्रांत कोणाचें काय आहे, हें घरांतल्या माणसांनीं एकमेकांना विचारावयास नको काय? त्या घरांत ३४० पानें लिहिलीं गेलीं आहेत हें काकूंशिवाय कोणासच ठाऊक नव्हतें.

नात आतां सुटींत रोज दुपारीं काकूंजवळ बसते. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारीं साधनें आहेत, पण तीं रफारांत आणि जोडाक्षरांत चुकतात; म्हणून एकीनें जुन्या पडद्यावरून वाचावयाचें व दुसरीनें लॅपटॉपवर दुरुस्त करावयाचें असें चाललें आहे. हें लिहीत असतां त्यांचें बेचाळिसावें पान चालू आहे. अडतात त्या मुख्यतः ओंव्यांपाशीं, कारण तेथें काकू वाचावयाचें सोडून म्हणूं लागतात. बिस्किटांचा डबा फडताळांत परत गेला. त्यांत पंचांगांखालीं आतां दोन चकत्या, एक पेन ड्राइव्ह, आणि कार्डाचे ते दोन क्रमांक लिहिलेला कागद आहे. क्रमांकांखालीं पुतण्यानें आपल्या अक्षरांत लिहिलें आहे: ‘वेग साठ. बदलूं नये.’